सुटा भाग

तिसऱ्या गिऱ्हाइकानेही स्टार्टरवर पाय दाबला. जीप घर्रर्र घर्रर्र करून अंगभर हलली आणि गप्प झाली.

पायरीवर बसलेली सिस्टर चष्मा पुसत होती. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी सगळी गल्ली तिला सिस्टरच म्हणे. चिडला की मुलगासुद्धा. चष्म्याची डबी तिने मांडीवर घट्ट धरली होती. डबीत रोटर होता. बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा, पण इंजिनातून तो काढून घेतला की ब्रह्मदेव आला तरी गाडी सुरू होत नाही. लसींच्या पेट्या घेऊन ती डोंगरातल्या वस्त्यांवर जायची तेव्हा परक्या ठिकाणी गाडी सोडताना रोटर खिशात टाकायची. स्वतःच्या अंगणात तो काढायची वेळ याच महिन्यात आली, मुलाने ‘जुनी जीप विकणे आहे’ अशी जाहिरात दिल्यापासून.

पहिली दोन गिऱ्हाइकं हात हलवत परत गेली होती. बिचाऱ्या मुलाने मग हौसेने नवी बॅटरी बसवली, टाकीत पेट्रोल ओतलं. तरी आज पुन्हा तेच.

हा टोपीवाला मात्र पक्का शौकीन होता. जुन्या जीपा जमवायचा त्याला नाद. दिव्यांमधल्या जाळीला कुठल्या साली किती फटी होत्या, सगळं तोंडपाठ. घरी अकरा जीपा आहेत म्हणाला. चालवत एकही नव्हता.

“इंजिन बसलंय,” तो खाली उतरत म्हणाला. “चालू असती तर अख्खी नेली असती. आता सुटे भाग तेवढे घेतो. बाकीची जाऊ दे भंगारात.”

त्याने खिशातून खडू काढला आणि फुल्या मारायला लागला. स्टीअरिंगवर, दोन्ही दिव्यांवर, काचेच्या चौकटीवर. मग वाकून त्याने दाराखालून एक आडवी रेघ ओढली आणि फाटकाबाहेरच्या ट्रकला हाक मारली, “या हो, गॅस कटर घेऊन या!”

 सिस्टरचा डाव अंगाशी आला होता. गाडी जाऊ नये म्हणून केलेल्या युक्तीनेच गाडीचे तुकडे व्हायची वेळ आणली होती. आणि रोटर आता काढून दिला, तर ती बारावी जीप होऊन टोपीवाल्याच्या दारात शोभेला उभी राहणार.

“कापायची नाही,” ती म्हणाली.

मुलगा तिच्यापुढे उकिडवा बसला. तो काही वाईट नव्हता. घसा बसेपर्यंत समजावणाऱ्यांपैकी होता. “आई, हट्ट सोड ना. तुझा गुडघा गेल्यापासून सहा महिने जागची हललेली नाही ती. नुसती जागा अडवून बसलीय. जे चालत नाही ते ठेवून करायचं काय?”

बोलून गेल्यावर त्याची नजर तिच्या शेजारच्या काठीवर गेली आणि त्याने जीभ चावली. पण लागायचं ते लागलं होतं.

“खरंय तुझं,” सिस्टर म्हणाली. “हात दे जरा.”

ती काठी टेकत जीपपाशी गेली. कटरवाला सिलिंडर ओढत आत येत होता. त्याला तिने नजरेनेच फाटकात थांबवलं. बॉनेटच्या कड्या सोडून तिने ते वर केलं, डबी उघडली, रोटर जागेवर दाबला. वरचं टोपण लावून दोन्ही क्लिपा अंगठ्याने चढवल्या. टक्. टक्.

“आई! हे तुझ्याकडे होतं?”

“महिनाभर.”

मुलाने नव्या बॅटरीकडे बघून कपाळावर हात मारला. टोपीवाल्याची कळी मात्र खुलली. “म्हणजे इंजिन चांगलंय? मग अख्खी घेतो, मावशी! आत्ताच ठरवून टाकू.”

“आधी पुढ्यातून बाजूला व्हा.”

स्टीअरिंग धरून तिने स्वतःला वर ओढलं. चोक ओढला, स्टार्टर दाबला. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि लागलं. अंगणातल्या चिमण्या उडाल्या. क्लचवर डावा गुडघा असा काही ठणकला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने दात खाऊन क्लच तळापर्यंत दाबला.

मुलगा धावत शेजारी आला. “आई, अगं डॉक्टरांनी काय सांगितलंय!”

“डॉक्टरांना म्हणावं, सिस्टर राउंडला गेल्यात.” तिने गिअर टाकला. “जेवायच्या आत येते. आणि माझी जागा कुणी अडवायची नाही.”

 मुलाने फाटकाचा दुसरा अर्धा भाग उघडला. का उघडला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“अहो मावशी, पण माझं काय?” टोपीवाला गाडीबरोबर चालत ओरडला. “इतक्या लांबून आलोय! रिकाम्या हाताने जाऊ?”

सिस्टरने शेजारच्या सीटवरची काठी उचलली आणि त्याच्या हातात दिली.

“हा घ्या सुटा भाग.”

जीप फाटकाबाहेर पडली, अंगावरच्या सगळ्या फुल्यांसकट. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी वळणाशी सिस्टरने उजवा हात पूर्ण बाहेर काढला आणि रीतसर इशारा देऊन उजवीकडे वळली.