सिरिलोची पावलं

“ज्याला पोट आहे असा कुठलाही जीव मी जिवंत पकडून दाखवीन. देवाने ज्याला पाय दिले, त्याच्यासाठी माझ्याकडे पिंजरा आहे!” बेनिग्नोने जाहीर केलं.

हे बोलताना त्याचा उजवा हात कोपरापर्यंत त्याच्याच नव्या पिंजऱ्यात अडकला होता. झडप फारच चोख बसली होती.

“आधी स्वतःला सोडव,” दारात उभा असलेला चेपे न्हावी म्हणाला. “मग जा सिरिलोला धरायला.”

सिरिलो म्हणजे ओतिलियाबाईंचा नवरा. तो मागच्या कॉफीच्या हंगामात वारला. अर्थात वारला असं पाद्रीबाबा म्हणत. दिवा मालवला की ओतिलियाबाईंच्या माळ्यावर पावलं वाजायची. जड, सावकाश. खिडकीपर्यंत जायची, थांबायची, मग पलंगाच्या बरोबर वर येऊन थबकायची. गल्लीतल्या बायकांनी जपमाळा ओढल्या. पाद्रीबाबांनी छताकडे तीर्थ उडवलं. छताला ओल आली, पावलं थांबली नाहीत.

बेनिग्नो विधुर होता. बाईंना त्याने मागणी घातली तेव्हा त्यांनी सरळ वर बोट दाखवलं होतं. “वर एक नवरा चालतोय. तो जाईपर्यंत खाली दुसरा कसा आणू?”

म्हणून हा पिंजरा. बेनिग्नोच्या मते वर सिरिलो नव्हता, चुचा होता. मांजराएवढा, उंदराच्या तोंडाचा, पोटाच्या पिशवीत पोरं वागवणारा, कोंबड्यांचा वैरी. गावात चुचा दिसला की लोक काठ्या काढत. बेनिग्नो त्याला जिवंत धरून नदीपलीकडे सोडे. त्याने जाळी बारीक घेतली, म्हणजे नाक घुसवून सोलवटणार नाही. मधोमध पाय पडताच कलंडणारी फळी बसवली. माणसाचा वास जावा म्हणून सगळा पिंजरा कॉफीच्या पाल्याने घासला. मग माळ्यावर नेऊन झडप दोरीने वर बांधून ठेवली आणि आत पिकलं केळं ठेवलं.

“बांधून का ठेवलीत?” बाईंनी विचारलं.

“आधी काही दिवस नुसतं खाऊ द्यायचं. भीती मोडली, आत यायची सवय लागली, की मग दोरी सोडायची.”

बाईंनी गुळाच्या गरम पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. “तुम्ही रोज संध्याकाळी चीजचे पाव घेऊन माझ्याकडे येता, तेही असंच का?”

बेनिग्नोला जोरदार ठसका लागला.

दोरी सोडल्यानंतरच्या पहाटेच झडप पडलेली दिसली. बेनिग्नो शिडीवरून डोकावला आणि आत चुचा पाहून विजयाने हसणार, तेवढ्यात हसू अर्ध्यावर राहिलं. पकडलेला चुचा एक तर सगळे दात दाखवतो, नाही तर मेल्याचं सोंग घेऊन पडतो. हा यातलं काहीच करत नव्हता. तो बेनिग्नोकडे पाठ करून, खांदे पाडून बसला होता. बिलियर्डमध्ये हरला की सिरिलो असाच बसायचा, आणि त्याला हरवणारा बहुतेक वेळा बेनिग्नोच असायचा.

त्याने घाईघाईने पिंजऱ्यावर पोतं टाकलं. पूल ओलांडला, पार बांबूच्या बेटापर्यंत गेला आणि झडप उचलली. चुचा बाहेर येईना. बेनिग्नोने जाळी वाजवली, शीळ घातली, शिव्या दिल्या. शेवटी गुडघ्यावर बसला.

“जा रे सिरिलो,” तो म्हणाला. “पुरे झालं आता.”

आपल्याच तोंडचे शब्द ऐकून त्याच्या अंगावर काटा आला. चुचा उठला, सावकाश बांबूत शिरला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. बेनिग्नोने मात्र पूल ओलांडेपर्यंत तीनदा वळून पाहिलं.

घर शांत झालं. बेनिग्नो शहाण्यासारखा आठवडाभर तिकडे फिरकला नाही. मग चेपेकडून गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तो बाईंकडे गेला. दार उघडणाऱ्या ओतिलियाबाईंचे डोळे खोल गेले होते. बसल्या तरी त्यांची मान सारखी वर जात होती. छत गप्प होतं. बेनिग्नोही नकळत कान देऊन बसला.

“बाई, आता वर कुणी नाही,” तो अखेर म्हणाला. “तो चुचा होता. या डोळ्यांनी पाहिला.”

“मला माहीत होतं.”

“माहीत होतं?”

“पहिल्या आठवड्यातच मी वर केळी ठेवून पाहिली. सिरिलो केळं सोलून खायचा. सालीसकट खाणारा नवरा माझ्या नशिबी नव्हता.” त्यांनी खांद्यावरची शाल घट्ट ओढली. “तरी रोज ठेवत राहिले. तो वर चालायला लागला की मी पांघरूण ओढून घ्यायची आणि म्हणायची, आला घरी. की लगेच डोळा लागायचा. तुम्ही त्याला नेलंत, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.”

“मग मला त्याला पकडू कशाला दिलंत?”

“वाटलं होतं, पकडला तरी पावलं वाजतील.”

टोपी हातात फिरवत बेनिग्नो जायला उठला.

“बसा,” बाई म्हणाल्या. “मी शब्द दिला होता. वर कुणी नाही, तेव्हा माझं उत्तर हो आहे. इस्टरनंतर पाद्रीबाबांना लग्नाची तारीख विचारू.”

बेनिग्नोने भिंतीला हात टेकला. बाईंनी कोपऱ्यातली शिडी आणली आणि माळ्याच्या तोंडाशी टेकवली.

“फक्त आज जाण्याआधी घटकाभर वर चालाल का? मला झोप लागेपर्यंत,” त्या म्हणाल्या. “बूट मात्र काढू नका.”