थावराच्या तीन ओळी

"तेच म्हना," मांडवातून तिसऱ्यांदा आवाज आला, तेव्हा मुन्नानं मान वळवून थावराकडे पाहिलं. थावरानं गळ्यावर हात ठेवला आणि नको म्हणून मान हलवली.

मग मुन्नानं एकट्यानंच सुरुवात केली. 'हलू दे मांडव' लागलं की वारंगा फाट्यापासून औंढ्यापर्यंत कुठल्याही लग्नात नवरदेवाचा मामासुद्धा टोपी सावरत उठायचा. गावांची नावं, व्याह्यांच्या खोड्या, पंगतीतले रुसवे, मुन्ना सगळं ठेक्यावर एका दमात भरभर बोलत जायचा. मधे थावराच्या तीन ओळी यायच्या, त्याच्या तांड्याच्या बोलीतल्या, उंच सुरात. गावातल्या माणसांना त्या कळत नव्हत्या, पण पाठ सगळ्यांना होत्या. आज थावरा गप्प राहिला, तर त्या मांडवानंच म्हटल्या.

दोघं कळमनुरीला कॉलेजात भेटले होते. डोंगरकड्याच्या सोनाजींचा हा मुन्ना बापाच्या केळीच्या बागेत कमी आणि टीव्हीसमोर जास्त असायचा. टीव्हीवरचं रॅप ऐकून तो मराठीत तसलं जुळवायचा. थावराला आवाज होता. अठ्ठ्याण्णव साली त्यांनी नांदेडला जाऊन कॅसेट भरली. आठ गाण्यांतलं चाललं एकच. पुढे आणखी दोन कॅसेटी काढल्या, त्यांतलं एकही गाणं त्यांच्या स्वतःच्या घरीसुद्धा कुणी दुसऱ्यांदा लावलं नाही. ते एक गाणं मात्र कॅसेटी संपून सीड्या आल्या, सीड्या जाऊन डीजे आले, तरी वाजतच राहिलं. आता दोन हजार सात साल उजाडलं होतं.

कॅसेट भरली त्या दिवशी थावरा म्हणाला होता, "माझं काम झालं की मी शेतीला लागतो बरं का."

मुन्नाला वाटलं, याला पक्कं घर बांधायचं असेल.

त्या तीन ओळी काढून तिथं हिंदी घालू, गाणं मुंबईपर्यंत जाईल, असं स्टुडिओवाला सांगायचा. मुन्नानंही बरेच दिवस तेच टुमणं लावलं होतं. "तुझ्या ओळी कळतात कुणाला?"

"ज्याला कळायच्या त्याला कळतात," थावरा म्हणायचा.

दोन हजार सालानंतर मुन्नानं ते टुमणं सोडून दिलं. तांड्यांवरच्या लग्नांत ते गाणं वाजलं की त्या ओळींपाशी बाया नाचायच्या थांबत, काही तर पदर तोंडाला लावत. पहिल्यांदा मुन्नाला वाटलं होतं, या लोकांना आपलं गाणं आवडत नसेल. पुढे त्यानं तिकडे पाहणंच बंद केलं.

लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि दोघं फाट्यावरच्या हॉटेलात चहाला बसले. समोरून नांदेडकडे ट्रक जात होते.

"गळ्यात गाठ हाय," थावरा म्हणाला. त्याचा आवाज कागद चुरगळल्यासारखा येत होता. "पुढच्या हप्त्यात आपरेशन. बोलता आलं तर आलं, पन गानं जमायचं न्हाई म्हनला डाक्टर."

मुन्नानं कप बाजूला सारला. मग म्हणाला, "तू आदी बरा हो. गान्याचं काय घेऊन बसला."

"गान्याचंच घेऊन बसलो. माझ्या ओळी आता तू म्हन. पन बराबर म्हन. मांडवातले लोक शबुद मोडून राहिले. अर्थ ठाव असला म्हंजे मोडायचा न्हाईस, म्हनून सांगतो."

"सांग."

"माझी धाकली बहीन होती. संगिता. सत्त्यान्नव साली एका परजातीच्या पोरासंगं गेली. बा म्हनला, पुन्ना दारात पाय ठेवू नको. सा महिन्यांत त्याचा राग निवला, पन तिला सांगायचं कुठं? पत्ता न्हाई, काई न्हाई. मंग तू म्हनला कॅसेट काढू." थावरानं एक घोट घेतला. गिळताना त्याचा चेहरा वाकडा झाला. "पयल्या ओळीत तिचं घरातलं नाव हाय. दुसरीत म्हनलंय, बा रागात न्हाई. तिसरीत, दार उघडं हाय, घरी ये. बस, येवढंच."

मुन्ना खाली बघत होता.

"लगनात वाजंल, कुठं हाटेलात वाजंल, येष्टी स्टँडवर वाजंल. कुठं तरी कानावर पडंल, अन् ती येईल. आली की मला गायाचं काम न्हाई." थावरानं रस्त्याकडे पाहिलं. "बा तीन सालाखाली गेला. शेवटी शेवटी खाट दाराम्होरंच टाकाया लावायचा."

"कवा सांगितलं न्हाईस मला."

"तुला काय सांगू? तू खुशीत गात होता."

एक ट्रक फाट्यावर वळला. त्याची धूळ टेबलापर्यंत आली.

"धा वर्सं झाली," थावरा म्हणाला. "आता येईल असं वाटत न्हाई. लगीन टिकलं का, लेकरंबाळं झाली का, काई ठाव न्हाई. मेलीबी असंल."

"न्हाई," मुन्ना म्हणाला. "मेली न्हाई. पोरगी आठ वर्सांची असंल आता तिची."

थावरानं कप खाली ठेवला. "कोन्ती पोरगी?"

मुन्नाला आता बोलणं भाग होतं. सात वर्षांखाली, सिद्धेश्वरच्या कार्यक्रमात, कडेवर तान्ही पोरगी घेऊन एक बाई स्टेजच्या मागं आली होती. गाणं ऐकून आले, माझ्या भावाला बोलवा, असं म्हणून तिनं त्या तीन ओळींचा अर्थ त्याला सांगितला होता. आणि ही घरी गेली की थावरा गाणं सोडून शेतीला लागेल, या भीतीनं मुन्नानं तिला सांगितलं होतं, थावराला तुझं तोंड पाहायचं नाही, ते नुसतं गाणं आहे.