उकळलेलं पाणी

नळाच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलंय, उकळूनच प्या, अशी सूचना आल्यापासून सासऱ्यांच्या जिवाला घोर लागला होता. कुणी सांगितलं नसताना ते घरोघरी जाऊन बजावून यायचे. आमच्या स्वयंपाकघरात तर पातेल्यापाशी पहाराच. खळखळून उकळी येण्याआधी गॅस बंद करायची माझी काय बिशाद.

समोरची दोन्ही मुलं दवाखान्यात गेली, तेव्हा आमची छकुली ठणठणीत होती. आज तिलाही उलट्या सुरू झाल्या. हातपाय गार पडले, डोळे खोल गेले. तिला कडेवर घेऊन मी दारात गाडीची वाट बघत होते आणि सासरे पुन्हा पुन्हा तेच विचारत होते, "थेंबभर कच्चं पाणी दिलं नाही गं आपण. मग कसं झालं?"

छकुलीने पाणी मागितलं. ते धावत आत गेले, उकळलेलं पाणी पेल्यात ओतलं. "कोमट आहे अजून. थांब बाळा, रोजच्यासारखा बर्फ टाकतो," म्हणत त्यांनी फ्रिज उघडला.

बर्फ पेल्यात पडला, आणि रिकामा झालेला ट्रे त्यांनी सवयीने नळाखाली धरला.