पाठीचं माप

"पोटात तेल गेलं की कातडी मऊ होते म्हणे! ही बघ, बाटली रिकामी, आणि पाठीचे पापुद्रे जसेच्या तसे!"

शिवणकाम करणाऱ्या काकूंनी औषधाच्या दुकानात गोळ्यांची बाटली काउंटरवर आपटली. रांगेतली सगळी डोकी वळली.

"मी नाही हं म्हणाले, काकू. बाटली म्हणतेय," दुकानातली मुलगी हसली. "बियांच्या तेलाच्या गोळ्यांनी कोरडी त्वचा सुधारते, याला काही धड पुरावा नाही. त्यापेक्षा हे साधं मलम घ्या. आंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच पाठीला चोपडायचं. एकदम सोपं."

"सोपं?" काकूंनी ट्यूब उलटीसुलटी करून पाहिली. "मला आपली गोळीच दे गं."

"अहो, पण उपयोग नाही म्हणतेय ना मी!"

"नसू दे. गोळी एकटीला घेता येते."

मुलगी जरा जास्तच उत्साहाने म्हणाली, "घरी असेलच की कुणीतरी लावून द्यायला!"

"आहे ना. शिलाई मशीन आहे. दिवसभर बडबडतं, पण कामाला हात म्हणून नाही मेल्याला!"

रांगेत खसखस पिकली. सगळ्यात मोठ्याने काकूच हसल्या, आणि शेवटी मलमच घेऊन निघाल्या.

घरी आंघोळ झाल्यावर त्यांनी हात खांद्यावरून मागे टाकून पाहिला. कमरेकडून वर नेऊन पाहिला. मधला टापू काही हाताला लागेना, आणि खाज नेमकी तिथेच. मग लाकडी पट्टीला फडकं गुंडाळलं. ते सुटलं आणि थेट बादलीत.

"बुड तिकडेच!" काकू फडक्यावर ओरडल्या.

शेवटी त्यांनी अर्धी ट्यूब न्हाणीघराच्या भिंतीवर, गुळगुळीत टाइल्सवर पिळली. तळव्याने सारवल्यासारखी पसरली. मग भिंतीला पाठ लावून म्हशीसारखी घासली. डावीकडे, उजवीकडे, अजून जरा खाली. आहाहा! डोळेच मिटले त्यांचे, आणि त्या तशाच भिंतीला टेकून राहिल्या.

वळून पाहिलं तर पांढऱ्या मलमात पाठ उमटली होती. दोन खवाटे, मधे कण्याची रेघ. एवढीशी! काकू बघतच राहिल्या. ही पाठ त्यांच्या ओळखीची नव्हती.

अंगाला टॉवेल गुंडाळून त्या बाहेर गेल्या, मशीनवरची मापाची टेप घेऊन आल्या आणि भिंतीवर अलगद धरली, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत.

"हलू नका हं, ताई," गिऱ्हाइकाला सांगतात तसं त्या म्हणाल्या.