तापलेली गाडी

"अरे थांबव! स्टार्टर जाळून टाकशील!"

वळणावरच्या आपल्या गॅरेजच्या दारातून ती ओरडली. रस्त्यापलीकडे उभा असलेला ट्रक केव्हाचा नुसताच घरघरत होता, पेट काही घेत नव्हता. पाना हातात घेऊन ती तरातरा निघाली आणि अर्ध्या रस्त्यात थबकली. रंग नवा होता, पण नंबर तोच. हा दादाचा ट्रक होता.

केबिनमधून एक जाडगेला माणूस घाम पुसत उतरला. "नुकताच घेतलाय, ताई. सकाळी एका चावीत उठतो. पण एकदा तापला आणि बंद केला, की रुसून बसतो बघा. टायर बघायला म्हणून दोन मिनिटं बंद केला, तर हे असं."

"दुसरीकडे न्या," ती म्हणाली. "ह्या गाडीला मी हात लावत नाही."

ती वळली खरी, पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. असाच रुसला होता हा त्या दुपारी. बाबांच्या छातीत कळ आली, तेव्हा दादा नुकताच खेप टाकून अंगणात आला होता. दोघांनी मिळून बाबांना केबिनमध्ये चढवलं. दादानं चावी फिरवली. गाडी घरघरली आणि थांबली. पुन्हा घरघरली. बाबांचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि ती ओरडत होती, "दादा, लवकर!" गाडी उठली तोवर बाबांचे हात गार पडायला लागले होते. थोडं आधी आणायला हवं होतं, डॉक्टर म्हणाले.

दहाव्याला जमलेल्या सगळ्या नातेवाइकांसमोर ती दादाला म्हणाली होती, "घरात मेकॅनिक बहीण असून तुला गाडी नीट ठेवता येत नाही. तू मारलंस बाबांना." त्यानंतर दोघांचं बोलणं तुटलं. पुढे वहिनीनं दोन-तीनदा फोन केला. तिनं तो उचलला नाही.

रस्त्याच्या मधूनच ती परत फिरली.

"बॉनेट उघडा," ती म्हणाली. आज दादाचा हलगर्जीपणा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचाच, असं तिनं ठरवलं.

आधी बॅटरी. टर्मिनल सैल असणार, त्यावर बुरशी चढलेली असणार. पण बॅटरी दणकट होती, टर्मिनल चकचकीत, वर ग्रीसचा हात फिरवलेला. मग स्टार्टर. तो नवाकोरा होता आणि जोरात फिरत होता. "ह्यातलं तुम्ही काय बदललंत?" तिनं विचारलं. "काहीच नाही. सगळं आधीच्या मालकानं केलेलं," माणूस म्हणाला. तिनं दातओठ खात डिझेलचा फिल्टर पाहिला. तोही नवा. लाइनमध्ये हवा शिरत असेल म्हणून स्क्रू सैल केला, तर स्वच्छ डिझेल आलं, एक बुडबुडा नाही. जिथे बोट ठेवायला जावं, तिथे दादाचा हात आधीच फिरून गेलेला. तिचा राग आणखीच भडकला. बाप गेल्यावर एवढी निगा राखून काय उपयोग?

आता उरला होता फक्त पंप.

बादलीभर गार पाणी आणून तिनं पोतं भिजवलं आणि पंपाला गुंडाळलं. वाफ निघाली. वरून ती हळूहळू पाणी ओतत राहिली. पंप आतून झिजला असला, की तापल्यावर पातळ झालेलं डिझेल आतल्या आतच निसटतं आणि इंजिनाला पुरेसं मिळत नाही. पंप गार केल्यावर गाडी उठली, तर दोष पंपाचाच.

"मारा चावी."

ट्रक एका झटक्यात उठला.

माणूस केबिनमध्ये टाळ्या पिटत हसला. ती बादली धरून तशीच उभी राहिली. बाबा जायच्या काही महिने आधी तो पंप तिनंच खोलून दुरुस्त केला होता. आतला झिजलेला भाग बदलायला हवा होता. नवा मिळायला वेळ लागेल आणि दादाची खेप चुकेल, म्हणून तिनं जुनाच घासूनपुसून परत बसवला होता. "अजून खूप धावेल," असंही वर ऐटीत सांगितलं होतं. दादानं तिच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

"पंप गेलाय ना?" माणूस खाली उतरत म्हणाला. "मला माहीत होतं. गाडी देतानाच आधीचे मालक म्हणाले होते. त्यांनाही म्हणे कुठल्या तरी मेकॅनिककडून उशिराच कळलं. मीच चालढकल केली."

"मग इतका वेळ गप्प का बसलात?" ती त्याच्यावर खेकसली.

तो चाचरला. "त्यांनी बजावलं होतं, पंप कुठेही करा, फक्त वळणावरच्या गॅरेजात नेऊ नका. गाडी नेमकी इथेच बंद पडली, त्याला मी काय करू?"

"का? माझ्या हाताला काय झालंय?"

"मलाही तसंच वाटलं. म्हटलं, मेकॅनिक वाईट आहे का?" माणसानं मान खाली घातली. "तर म्हणाले, 'बहीण आहे माझी. माझ्यावर चिडलीय, तोवर ठीक आहे. स्वतःवर चिडली, तर तिची समजूत कोण घालणार?'"