तपासणी कुणाची?

"आठ दिवसांपूर्वी संबंध आला आणि काल खाली फोड आले. हर्पीस आहे का, ते तपासायचंय." विंचूरहून नाशिकला आलेल्या साधनाबाईंनी डॉक्टरांना सरळ सांगून टाकलं.

डॉक्टरांनी शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीकडे, पल्लवीकडे, रोखून बघितलं. "लग्न झालंय?"

"नाही."

"मग असले उद्योग कशाला? आईला काय वाटत असेल?"

"आईलाच विचारा," पल्लवी म्हणाली.

"फोड मला आलेत," साधनाबाई म्हणाल्या. "नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. वाटण्याचं सोडा, तपासणीचं बोला."

डॉक्टरांनी डोकं कागदात घातलं. "फोड ओले आहेत तोवर त्यातलं पाणी तपासायला पाठवू. आणि... त्या गृहस्थांनाही दाखवून घ्यायला सांगा."

"ते बाहेरच बसलेत. बोलावू?"