रुखमाचा दात

डॉक्टरांनी दात चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडात नेला, तशी कमलानं बाकाची कड घट्ट धरली. तिची नोकरी आता त्या दातावर येऊन ठेपली होती.

दात रुखमाचा. वरचा, अगदी समोरचा. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, लग्न आठ दिवसांवर असताना, गावातल्या बोअरिंगच्या हातपंपाचा दांडा उसळून तिच्या तोंडावर बसला आणि दात चिखलात पडला. उपकेंद्राची नर्स म्हणून कमला धावत गेली. तिनं दात चावायच्या टोकाला धरून उचलला, मुळाला बोट न लावता त्यावर पाणी ओतलं आणि वाटीभर कच्च्या दुधात टाकून रुखमाच्या आजीच्या, भागीरथाबाईच्या हातात दिला. असा दात तासाभराच्या आत खाचेत बसवला तर पुन्हा धरतो, हे ती ट्रेनिंगमध्ये शिकली होती. प्रत्यक्षात कधी बसवला नव्हता.

"बाळंतपणात घालते ते रबरी मोजे घालून ये आंधी," भागीरथाबाई म्हणाली.

कमलाला बरं वाटलं. स्वच्छतेचं एवढं कळणारं एक तरी माणूस गावात आहे म्हणायचं. पळत जाऊन तिनं उपकेंद्रातून उकळलेले मोजे आणले, दात हलक्या हातानं खाचेत दाबला, वर रुमालाची घडी चावायला दिली आणि मुलीला चंद्रपूरला धाडलं. याच डॉक्टरांनी मग तो शेजारच्या दातांना तारेनं बांधून दिला होता. रुखमा बोहल्यावर हसली ती सगळे दात दाखवून.

कमला बौद्ध घरातली. गुणवंतरावांच्या, म्हणजे रुखमाच्या वडिलांच्या घरी तिचं काम तोवर ओसरीवरच उरकत असे. त्या दातानं तिला थेट माजघरात नेलं. वर्षभर भागीरथाबाईचे गुडघे तीच शेकत होती, आणि म्हातारी तिच्याशी मनातलं बोलत होती. गावात ज्याचं काही दुखलं तो आता मांत्रिकाच्या आधी उपकेंद्राची पायरी चढायचा. कमलाला याचा फार अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

मग गडचांदूरला, सासरी जेवताना, रुखमाचा दात भातात पडला. वर्षभराचं कौतुक एका दिवसात उलटलं. नर्सनं नसतं धाडस करून मुलीचा दात घालवला, असा अर्ज गुणवंतरावांनी जिल्हा परिषदेच्या नावानं लिहिला. माणूस तसा न्यायाचा. सही मात्र त्यांनी राखून ठेवली होती. "डाक्टर सांगन ते खरं," असं म्हणून ते सगळ्यांना इथे घेऊन आले होते.

"दात कोरडा पडला होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाई जी. लगेच दुधात टाकला," कमला म्हणाली.

"मग मूळ कुणीतरी घासलं असणार. मुळावर एक पातळ साल असते, दाताचा जीव तिच्यात. ती खरवडली गेली तरी दात बसतो, पण पुढे हाड त्याचं मूळ खाऊन टाकतं. हे बघा."

वाळवी लागलेल्या खुंटीसारखं ते मूळ अर्धं उरलं होतं. तोंडावर पदर धरून बसलेल्या रुखमानं मान फिरवली.

"तुमी घासला काय, नर्सबाई?" गुणवंतरावांनी विचारलं.

कमला आठवू लागली. चिखल तर होताच. पाणी ओतताना बोट फिरलं असेल का? घाईत मोज्यानं पुसला असेल का? आठवावं तितकं तिला आपलं बोट त्या मुळावर फिरताना दिसू लागलं. घर तिच्या एकटीच्या नोकरीवर चाललं होतं, तरी त्या क्षणी तिला नोकरीपेक्षा रुखमाचंच वाईट वाटलं.

"याद नाई येत, भाऊ," ती म्हणाली. "माह्याच हातून झालं असन."

गुणवंतरावांनी अर्ज टेबलावर पसरला आणि डॉक्टरांकडे पेन मागितला.

कोपऱ्यातल्या स्टुलावरून भागीरथाबाई गुडघ्यांवर हात देत उठली. येऊन तिनं अर्जावर पंजा ठेवला. कमलाकडे मात्र तिनं पाहिलं नाही.

"सही नोको करू, गुणवंता. बाई मोजे आणाले गेली होती, तवा मीनं घासला तो. राखेनं, चांगला तीनदा. तिनं उचलला होता ना, मंग तसाच कसा जाऊ देऊ पोरीच्या तोंडात?"